वर्नर साहेबांचा डबा

तीन वाजून गेले तरी वर्नर साहेबांचा डबा टेबलावर तसाच बंद होता. तिथेच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. जर्मन माणूस, साडेबाराला जेवणार म्हणजे साडेबाराला. इथे कतारमध्ये, लुसैलला, जमिनीखालून पाण्याचा बोगदा जातोय, त्या साइटवर ते आमचे बॉस. त्यांचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की त्यातला खरा कुठला, तेच कळेनासं झालंय.

*

बहुतेक किस्से त्यांच्या पणजोबांचे. ते जर्मनीहून अमेरिकेत गेले, खाणीचे इंजिनियर म्हणून. साहेब सांगतात तेव्हा ती खाण रविवारी चांदीची असते, गुरुवारी तांब्याची. एकदा धीर करून विचारलं, "सर, नक्की कशाची?"

"अंधाराची," साहेब म्हणाले.

मी मान डोलावली. अजून कळलेलं नाही.

*

पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पहिल्याच दिवशी मुकादम ओरडला, "पळा!" यांनी हात हलवून त्याला गुड मॉर्निंग केलं. मग छत कोसळलं.

"ते आधी पळायला शिकले," साहेब म्हणाले. "इंग्रजी नंतर."

आमचे फोरमन सलीमभाई रत्नागिरीचे. म्हणाले, "आपली अरबी पण तशीच. आधी यल्ला, म्हणजे चला, मग बाकीचं."

*

एकदा पणजोबा दमून खाणीतच झोपले. वरच्यांना वाटलं, घरी गेले. सकाळी वर आल्यावर पहिला प्रश्न, "माझं जेवण कोणी खाल्लं?"

तेव्हापासून त्यांच्या खाणीत पितळी बिल्ले आले. खाली जाताना बिल्ला 'आत'च्या खिळ्याला, वर आलं की 'बाहेर'च्या. आमच्याकडे कार्ड पंचिंग आहे, तरी साहेबांनी तसाच बोर्ड ठोकून घेतलाय.

*

आज चार वाजता टेस्टिंगसाठी बोगद्यात पाणी सोडायचं होतं. परवानगीच्या कागदावर सही माझी. आणि साहेबांचा बिल्ला 'आत'. मोबाइल लागेना.

"सायबाची दोह्याला मीटिंग होती. बिल्ला फिरवायला विसरला असेल," सलीमभाई म्हणाले. "सही कर, खलास."

"साहेब विसरतात?"

"साठीचा माणूस आहे, पोरी. तू उगाच घाबरतेस." त्यांनी साहेबांचा डबा पुढे ओढला. "आमच्या घरातनंच येतो हा कोळंबीभात. फुकट कशाला घालवायचा?"

मी सही केली नाही. बोगद्याच्या तळाला एक फोन आहे, तो लावला. नुसताच वाजत राहिला. परत लावला. समोर सलीमभाईंचा दुसरा घास.

मग कोणीतरी फोन उचलला. आवाज झोपेतला, घोगरा.

"सलीमने माझा डबा खाल्ला का?"