मोहाखाली उभी राहणारी बाई

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथं महिला दिनाला पोरी नऊवारी नेसून, खोटे अंबाडे घालून कुणीतरी थोर बाई होऊन येतात. गेल्या वर्षी माझी पोरगी आखूड लुगडं नेसून, डोक्यावर टोपली आणि हातात कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. परीक्षकबाईंनी विचारलं, "बेटा, आप कौन?" ती म्हणाली, "वाघाला सरकवणारी बाई." कुणाला काही कळलं नाही. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. मला मात्र एवढा अभिमान वाटला की विचारू नका, कारण ती बाई माझी होती.

तशा माझ्या दोन बाया. एक माझी आत्या. सौंदडला गाडीतून उतरून पुढे जंगलाकडे गेलं की तिचं गाव लागतं. भर तारुण्यात कपाळ पांढरं झालं, पण तिनं कुणापुढे हात पसरला नाही. धानाची रोवणी, तेंदूपत्ता, मोहफूल, यावर निभावलं. दुसरी बाई आत्यानंच सांगितलेल्या गोष्टीतली. ती मोहफुलं वेचायला जाते, वाघ येतो, ती पळते. पण भरलेली टोपली मागं राहिलेली असते, म्हणून परत फिरते. वाघाच्या डोळ्यात डोळे घालून म्हणते, "सरक बाजूले, लेकरं उपाशी आहेत." वाघ सरकतो. नवऱ्याशी वाजलं, हेडमास्तरांनी चारचौघांत झापलं, बाळंतपण अडलं, की मी मनातल्या मनात म्हणायची, सरक बाजूले. पोरीलाही मी हीच गोष्ट सांगून झोपवलं.

या एप्रिलमध्ये आत्याच्या शेजारणीचा फोन आला. आसपास वाघ फिरत होता. आधी एक बैल नेला, मग बाजूच्या गावची एक बाई. शेजारीण आणि आत्या वर्षानुवर्षं जोडीनं मोहफुलं वेचायला जायच्या, पण आता शेजारणीच्या मुलानं तिला घरी बसवलं होतं. आत्या एकटीच जाऊ लागली होती. "तुमचं तरी ऐकते का पाहा," शेजारीण म्हणाली. पोरीला सुट्या लागल्या होत्या. तिला घेऊन मी निघाले. तिला का नेलं, ते माझं मलाच माहीत नाही.

मोहफूल वेचायची रीत अशी. फुलं पहाटे गळतात, जमिनीवर पडतात, ती वाकून वेचावी लागतात. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. म्हणून एकीनं वेचायचं आणि दुसरीनं तिला पाठ लावून, जंगलाकडे तोंड करून उभं राहायचं. उभी असेल तिनं बोलत राहायचं. काहीही बोल, पण गप्प बसू नको. जोडी नसेल तर वेचायला जाऊच नये.

"वाकू नका म्हणून जंगलखात्यावाले भोंग्यावर सांगून राहिले," आत्या म्हणाली. "वाकल्याबिगर मोहफूल का हातात येऊन पडते?" तिला थांबवायला गेलेली मी, दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिच्यासोबत झाडाखाली वेचत होते. तेवढाच माझ्या शब्दाला मान.

पोरगी उभी होती. तिनंच मागून घेतलं होतं ते काम. कुऱ्हाड खांद्यावर, आणि तोंडाचा पट्टा चालू: वर्गातल्या पोरी, कुणाची सायकल, कुणाचं भांडण. मी वेचत होते. मग कधीतरी लक्षात आलं की तिचा आवाज थांबला आहे. मी वर पाहिलं. ती नुसती समोर बघत होती.

"काऊन चूप झाली?" आत्यानं विचारलं.

"पाखरं ओरडत नाहीत," पोरगी म्हणाली.

खरंच ओरडत नव्हती. मग पलीकडच्या झाडावरून वानर खोकल्यासारखं भुंकलं, परत भुंकलं. आत्या सरळ झाली. "पळू नका. एकमेकीले धरा आन् चाला." आम्ही तिघी हात धरून, जंगलाकडे तोंड ठेवून, मागं मागं सरकत बैलगाडीच्या वाटेपर्यंत आलो. काही दिसलं नाही, पण कुणीतरी आपल्याला बघत आहे हे मला अंगभर कळत होतं.

वाटेवर आल्यावर पोरीनं आत्याचे रिकामे हात पाहिले. "आजी, टोपली राहिली!" एवढं म्हणून तिनं माझा हात झटकला आणि सरळ झाडाकडे निघाली. मी ओरडले, पण ती थांबेना. आत्या या वयात कशी धावली देव जाणे, तिनं पोरीची वेणी धरून तिला मागं ओढलं आणि एक ठेवून दिली.

"कायले गेली तू?"

"गोष्टीतली बाई गेली होती ना!"

आत्यानं तिची वेणी सोडली. मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "ते माही माय होती. टोपली आनाले गेली. आली नाही. आमाले टोपलीच भेटली."

"मग वाघ सरकला ते?" मी विचारलं.

"ते म्या जोडलं. भाऊ लहान होता, माय कवा येते म्हणून रडे. त्याले का सांगू?"

तो लहान भाऊ म्हणजे माझे बाबा. म्हणजे मी जन्मभर जिच्या जिवावर छाती पुढे काढून चालले, ती माझी आजी होती, आणि तिला वाघानं नेलं होतं. मला आत्याचा भयंकर राग आला. तीच खोटी गोष्ट ऐकून माझी पोरगी वाघाच्या तोंडात चालली होती.

दुपारी आत्या दुसरी टोपली काढून तिचा फाटलेला काठ बांधायला बसली. मी म्हटलं, "आता तरी पुरे कर. गोंदियाला चल माझ्याकडे."

"तुया घरी का करू? टीव्ही पाहू?" तिनं मान वर केली नाही. "फुलं पडतेत तवरक जाईन. जोडी भेटली त ठीक, नाही त एकटी."

मी तिला वाट्टेल ते बोलले. हट्टी म्हटलं, म्हातारचळ लागला म्हटलं. तिनं ऐकून घेतलं आणि काठ बांधत राहिली. तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं, एकटी सोडणं मला जमत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "उद्या मी उभी राहते."

पहाटे पोरीला शेजारणीकडे ठेवलं. मला वाटलं होतं, मी पण येते म्हणून थयथयाट करेल. तिनं हट्ट केला नाही. शेजारणीच्या दारात माझं मनगट धरून उभी राहिली. आत्या टोपली घेऊन पुढे निघालीसुद्धा होती. मी हात सोडवू लागले तेव्हा पोरगी म्हणाली, "आई, टोपली राहिली तर राहू दे."