भागधारकाने स्वतः हजर असावे

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात मासळीच्या लिलावाशेजारी अर्धा तास उभं राहिलं, की घरी येऊन कितीही आंघोळ करा, बायको ओळखतेच कुठे होतात ते. आमच्या लाँच कंपनीच्या किश्शांचं तसंच आहे. मी तिथे तिकिटाच्या खिडकीत अकरा वर्षं काढली; खिडकी बंद केली की लाँचवर चढून तिकिटं तपासायचोही मीच. नोकरी सुटली, पण किस्से सुटले नाहीत. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बाराव्याला, दाढीच्या दुकानात, कोणी ना कोणी म्हणतंच, "तो कुपनचा सांगा हो." एक सांगितला की मागून दुसरा येतोच.

कंपनी म्हणजे एकच लाँच. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मिरकरवाड्याहून सकाळी सुटायची, जयगडला थांबायची आणि तिथून खाडीत शिरून वर साखरवेळ गावापर्यंत जायची. पावसाळ्यात चार महिने काठावर शाकारून ठेवलेली असायची. चाळीसेक भागधारक होते. त्यात बागायतदार, मास्तर, मुंबईचे चाकरमानी, सगळे आले. लाँच चालवायचे सारंग इब्राहिमचाचा, आणि लाँचच्या मागच्या टोकाला स्टोव्ह मांडून चहा-भजी करायच्या इंदूवहिनी. वहिनींचा नवरा याच लाँचवर खलाशी होता. तो गेल्यावर कंपनीने त्यांना ती चार फुटांची जागा दिली. त्या चार फुटांवर दोन मुलींची शाळा चालली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

*

कुपनं निघाली ती आमचे अध्यक्ष अप्पासाहेब यांच्या डोक्यातून. डिझेल महागलं, डिव्हिडंड द्यायची सोय उरली नाही. सभेला शाळेच्या हॉलमध्ये लोक बाह्या सरसावून बसलेले. अप्पासाहेबांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की परदेशात मोठ्या प्रवासी बोटींच्या भागधारकांना बोटीवर खर्चायला सवलत मिळते. तिकडच्या बोटीवर नाचघर असतं, पोहायचा तलाव असतो. आमच्या बोटीवर स्टोव्ह होता. अप्पासाहेबांनी जाहीर केलं, "दहा शेअर्सवाल्याला दर फेरीला एक चहा आणि एक प्लेट भजी, कंपनीतर्फे."

मागून आवाज आला, "म्हणजे आमचाच पैसा आम्ही समुद्रात जाऊन खायचा?"

"होय," अप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "आणि वर वारा फुकट."

नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. कोणी कुपनं विकू नयेत, धक्क्यावर उभ्या लाँचवर चढून चापून जाऊ नयेत, म्हणून मी मोठ्या हुशारीने छापलं : 'लाँच सुटल्यानंतरच कुपन चालेल. भागधारकाने स्वतः हजर असावे.' पुढचं सगळं रामायण माझ्या या दोन वाक्यांमुळे घडलं, आणि आता वय झाल्यावर मला त्याचा अभिमान वाटतो.

*

पहिलं कुपन वापरलं नेने मास्तरांनी. मास्तर रिटायर झालेले, आणि त्यांना बोट लागायची. नुसता समुद्र बघितला तरी त्यांचा चेहरा कोकमासारखा व्हायचा. पण हक्क सोडायचा नाही हा त्यांचा बाणा. खिशात लिंबू घेऊन दर सोमवारी लाँचवर हजर. लाँच सुटली की लगेच भजी मागवायचे, निगुतीने खायचे, वर चहा. मिऱ्याच्या डोंगराला वळसा पडेपर्यंत सगळं कठड्यावरून समुद्रात.

असं चार-पाच सोमवार झाल्यावर इंदूवहिनींना राहवेना. "मास्तर, कशाला हो जीवाला त्रास करून घेता? मला मेलं बघवत नाही."

मास्तरांनी रुमालाने तोंड पुसलं. "खाल्लं ते माझ्या हक्काचं होतं. गेलं ते समुद्राचं. कंपनीकडे तर काही राहिलं नाही ना?"

*

साखरवेळचे दोघे भाऊ, दादा आणि बंड्या, यांच्यात आंब्याच्या बागेच्या दगडी गडग्यावरून बारा वर्षं दावा चालू होता. बोलणं बंद. तारखेला रत्नागिरीला यायचे ते याच लाँचने, एक पुढच्या बाकावर, दुसरा मागच्या. आता झालं असं, की शेअर वडिलांनी दोघांच्या नावावर मिळून घेतलेले. कुपन एक. चहा एक. भजी एक प्लेट.

वहिनींनी चहा दोन कपांत अर्धा-अर्धा ओतला, तो दोघांनी डोळे बारीक करून तपासला. मग भजी मोजली. सात निघाली. तीन याला, तीन त्याला. सातवं भजं प्लेटमध्ये. दादा म्हणेना मला नको, बंड्या म्हणेना त्याला द्या. वहिनी प्लेट धरून मधे उभ्या. जयगड जवळ आलं तरी भजं तिथंच, थंडगार झालेलं.

दादाचे वकील त्याच लाँचवर, शेजारच्या बाकावर पेपर वाचत होते. बंड्याने त्यांच्याकडे बघितलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलला. "दादा, वकिलांना देऊन टाकूया. शेवटी तिथंच जायचंय ता."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि बंड्यानेच त्याच्या पाठीत थापटलं. दावा मात्र मागे घेतला नाही हो. दाव्याशिवाय तारखेला रत्नागिरीस कसं येणार?

*

मे महिन्यात मुंबईचा एक चाकरमानी आला. बायको, मुलं, मेहुणे, मेहुण्यांची मुलं धरून चौदा माणसं. काखेत ही एवढी मोठी काचेची फ्रेम. मला वाटलं देवाचा फोटो असेल. बघतो तर आजोबांनी घेतलेल्या शेअरचं सर्टिफिकेट! खोलीत भिंतीवर लावलेलं असायचं, रोज उदबत्ती दाखवायचे. कुपन मिळवायला पुरावा लागतो म्हणून भिंतीवरून काढून आणलेलं.

"चौदा चहा," तो वहिनींना म्हणाला.

मी जाऊन नियम समजावला. दहा शेअर्सना एकच चहा. त्याने वाद घातला नाही. एक कप घेतला, फ्रेमवर ठेवला आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून सगळ्यांपुढून फिरवली. "घ्या रे एकेक घोट. आजोबांचं तीर्थ आहे."

शेवटचा घोट सर्वांत धाकट्या मेहुण्याच्या वाट्याला आला. तो म्हणाला, "आजोबा गोड होते, पण थंड होते."

*

आता देवीचं. साखरवेळच्या गावकऱ्यांनी कंपनी निघाली तेव्हा वर्गणी काढून दहा शेअर घेतले होते. कुणाच्या नावावर घ्यायचे यावरून भांडणं लागायला नकोत, म्हणून गावच्या देवीच्या नावावर घेतले. माझ्या रजिस्टरमध्ये तसंच होतं. नाव : ग्रामदेवी. वय : रिकामं. धंदा : रिकामा.

शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते. खाली खाडीच्या तोंडाजवळच्या वाडीत न्यायला ती लाँचवर चढवली. ढोल थांबला, आणि गावचा बाबी गुरव कुपन घेऊन इंदूवहिनींपुढे उभा राहिला. "भागधारक स्वतः हजर आहे."

मी नियम आठवला आणि वहिनींकडे बघून मान डोलावली. वहिनींनी चहा केला, पण कप पुढे करेनात. "माझ्या हातचं आईला चालेल का, विचारा आधी," त्या हळूच म्हणाल्या. नवरा गेल्यापासून त्या कुठल्याच कार्यात पुढे होत नसत.

गुरवाने कौल लावला. मुखवट्याच्या दोन बाजूंना पाण्याने एकेक कळी चिकटवायची. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. खाडीच्या तोंडाशी लाँच हलत होती. डावी पडली. वहिनींनी कप खाली ठेवला आणि स्टोव्हकडे तोंड केलं. मला फार वाईट वाटलं. नियम मीच लिहिला होता.

तेवढ्यात चाकाजवळून इब्राहिमचाचांचा आवाज आला. "बाबी, ता लाटेनं पडलं. परत लाव."

गुरवाने परत कळ्या लावल्या. चाचांनी चाक सर्रकन डावीकडे फिरवलं, लाँच उजवीकडे कलली, आणि उजवी कळी टपकन पडली. पालखीवाले ओरडले, ढोल वाजला. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि कप पालखीपुढे ठेवला. मानकऱ्यांनी तो प्रसाद म्हणून घोट-घोट घेतला.

"काय चाचा, एकदम वळलात?" मी विचारलं.

"वाळूचा पट्टा होता," चाचा म्हणाले.

*

पुढच्या वर्षी खाडीकाठच्या गावांत एसटी आली, आणि लाँचवरची गर्दी ओसरली. बाहेरगावचा एक माणूस लाँच विकत घ्यायला तयार झाला. अप्पासाहेबांनी विक्रीचा ठराव मांडायचं ठरवलं. सभा बोलावली, दहा टाळकी आली. परत बोलावली, आठ आली. कोरमच होईना. शेवटी अप्पासाहेबांनीच तोडगा काढला. "सभा लाँचवर घ्या. भज्याला येतील."

आले! झाडून सगळे आले. शिमगा नुकताच झालेला, पालखी अजून फिरत होती. साखरवेळकरांनी तीही आणली. देवीला नोटीस गेली होती, मीच पाठवली होती. कुपनं चालायला लाँच सुटायला हवी, म्हणून सभा भर समुद्रात. पाणी आरशासारखं. इंदूवहिनींनी चाळीस प्लेट भजी केली. लाँच विकली की स्टोव्ह कुठे मांडायचा, हे त्यांनी मला सकाळी धक्क्यावर विचारलं होतं.

हात वर करून मतं घेतली. विकावी : एकोणीस. विकू नये : एकोणीस. नेने मास्तरांनी तोंडातलं लिंबू काढून 'विकू नये'ला हात वर केला. दादा म्हणाला विका, बंड्या म्हणाला विकायची नाय. त्यामुळे त्यांचं मिळून असलेलं एक मत बाद. बरोबरी झाली, तर अध्यक्षांचं जादा मत असतं. अप्पासाहेबांनी घसा खाकरला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "एक भागधारक राहिलाय."

सगळ्यांनी पालखीकडे बघितलं.

"देवीतर्फे हात कोण वर करणार?" अप्पासाहेब म्हणाले.

"भागधारक स्वतः हजर असताना दुसऱ्याचा हात कशाला? नियम छापलाय तुम्हीच."

अप्पासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

बाबी गुरवाने कळ्या लावल्या. उजवी पडली तर लाँच राहील, डावी पडली तर विकायची. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "आई, आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हत. कोणी डिझेलात कमी-जास्ती केलं असेल, कोणी तिकीट न काढता चढलं असेल, तर ता पदरात घे..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. अप्पासाहेबही म्हणाले.

"...आणि या लाँचीचं काय करायचं, ता तूच सांग."

"व्हय म्हाराजा."

कळ्या जागच्या जागी. वारा नाही, लाट नाही. इंजिनाची धडधड तेवढी. इंदूवहिनींच्या हातात झारा होता, आणि कढईतली भजी काळी पडत चालली होती.

लाँच डावीकडे वळली, आणि अशी कलली की चाळीस प्लेटा बाकांवरून घसरल्या. उजवी कळी पालखीतून निसटली ती थेट अप्पासाहेबांच्या मांडीवर येऊन पडली.

ढोल थांबायला पाच मिनिटं लागली. वहिनींनी जळकी भजी समुद्रात टाकली आणि नवा घाणा सोडला. अप्पासाहेब कळी हातात घेऊन चाकाजवळ गेले. मी मागेच होतो.

"चाचा," ते म्हणाले, "इथे भर समुद्रात वाळूचा पट्टा?"

इब्राहिमचाचांनी चाकावरचा हात काढला नाही की मान वळवली नाही.

"मला काय विचारता, अप्पासाहेब? माझा तर एक पण शेअर नाय."