झिजलेल्या बुशची हुबेहूब नक्कल

येलहंक्याच्या आमच्या कारखान्यात खाणीतल्या रॉक ड्रिलचे बुश आणि बेअरिंग बनतात. मूळ कंपनीचे नव्हेत, त्यांच्या जागी बसवायचे स्वस्तातले. तपासणी माझ्याकडे. माझ्या सहीशिवाय माल बाहेर पडत नाही, याचा मला भारी तोरा होता.

मग पुण्याहून नवे मॅनेजर आले. लेथच्या तेलाचा वास त्यांना सोसत नसे, म्हणून ते केबिनमध्ये एसी लावून उत्पादन सुधारत. कारखान्यात त्यांचं दर्शन झालंच, तर पाहुण्यांबरोबर फोटो काढताना.

एका खाणीने ड्रिलच्या तोंडाचा बुश, म्हणजे भोकाचं पोलादी नळकांडं, नमुन्याला पाठवला. त्यात ड्रिलच्या सळईचा दांडा बसतो. भोक सैल झालं की दांडा हलतो, ठोका तिरका पडतो आणि आतला पिस्टन फुटतो. आता नमुना म्हणून चांगला चालणारा बुश कोण काढून देईल? येतो तो झिजलेलाच. म्हणून आमचा म्हातारा टर्नर आधी आतून नख फिरवायचा. अगदी काठाशी दांडा घासत नाही, तिथे मूळ मापाची बारीक पट्टी उरते. तो ते माप धरायचा.

साहेबांनी बुश मापाच्या नव्याकोऱ्या मशीनवर ठेवला, बरोबर मधोमध माप घेतलं आणि झिजेसकट ड्रॉइंग काढलं. तेही तीन रंगांत.

"अक्का, हे खाल्लेलं माप आहे," टर्नर मला म्हणाला. "स्वल्प नख लावून बघा."

मी लावलं. पट्टीची कड स्वच्छ लागली.

"लागली ना?"

"बघते," मी म्हणाले.

तो साहेबांना सांगायला केबिनच्या दारात गेला. साहेब हसले. "काका, तुमचं नख कॅलिब्रेट केलंय का? ड्रॉइंग फॉलो करा, नाहीतर घरी बसा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी गेजचा आकडा वाचण्यात फार गढून गेले होते; आकडा शून्य होता. तो एप्रन काढून निघून गेला.

माल ड्रॉइंगबरहुकूम बनला. एकूण एक बुश तपासून मी झोकात सह्या ठोकल्या.

दोन महिन्यांनी खाणीकडून फुटलेल्या पिस्टनची पेटी आली. साहेबांनी मीटिंग घेऊन सांगितलं की आपली प्रोसेस कमी पडली. चूक कुणाचीच नाही म्हणायची ही पद्धत मलाही सोयीची होती. मालकांनी मात्र टर्नरला परत आणायला सांगितलं. तो चामराजपेटेत आमच्याच गल्लीत राहतो, म्हणून मला धाडलं.

त्याने कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. कड मला तेव्हाच लागली होती, हेही.

"लागली होती?" त्याने कप खाली ठेवला. "तुम्ही काही बोलला नाहीत, अक्का. मला वाटलं, माझ्याच बोटांतलं कसब गेलं. दोन कारखान्यांनी बोलावलं होतं. भीतीने गेलो नाही."