मागच्या बाकावरचे सर

छत्तीसगड हे नवं राज्य झालं तेव्हा आम्हा रायपूरकरांना सगळंच नवं काढायची हौस होती. मीही विद्यापीठात भाषाशास्त्र आणि संगणक यांचा जोड एम.ए. कोर्स काढायला निघाले आणि पहिल्याच सत्रात संगणकाच्या पोरांना ध्वनिविचाराचा भला कठीण पेपर लावून बसले. रडवलं म्हणजे दर्जा आला, अशी तेव्हाची माझी अक्कल! नात अजून त्यावरून मला चिडवते.

संगणकाची बाजू सांभाळणारे सर बुटके. बोलण्याआधी चष्मा पुसायचे आणि कितीही विरोध असला तरी सुरुवात ‘हव’, म्हणजे ‘हो’, म्हणूनच करायचे. माझा अभ्यासक्रम वाचून ‘हव, दीदी’ म्हणाले आणि गेले. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या वर्गात, मागच्या बाकावर! रोज आले, टिपणं काढली, पोरांबरोबर परीक्षा दिली आणि सपशेल नापास झाले. अर्धा वर्ग कोर्स सोडायच्या बेतात होता. पोरं गेली असती तर कोर्सच बंद पडला असता. सरांनी आपली उत्तरपत्रिका सगळ्यांना दाखवली. “काहून पळून राहिले रे? मी तर सर असून नापास आहो!” पोरं हसली, थांबली.

मग मलाही चेव आला. मी त्यांच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात जाऊन बसले आणि त्यांच्याहून वाईट नापास झाले.

माझा पेपर परत देताना सरांनी निवांत चष्मा पुसला.

“हव, दीदी. चला, आता सिलेबस बनवू. कुठं दुखते ते आता दोघायलेही मालूम आहे.”