टेबलावरचे दार

थोटेभाऊंना राग आला की ते आधी डावे मनगट टेबलावर आपटत. त्या मनगटापुढे हात नव्हता. आवाज लाकडावर लाकूड आपटल्यासारखा येई, आणि यवतमाळच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये तो ऐकू आला की माणसे हातातले काम खाली ठेवत. कारण पुढच्या क्षणी उजव्या हाताला जे लागेल ते उडणार असे: पक्कड, माउस, चहाचा कप. एकदा गरम सोल्डरिंग आयर्न उडाले होते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरला लागले आणि कॅलेंडर जळाले. "महिना बी खराबच चालू होता," एवढेच ते म्हणाले.

थोटे हे त्यांचे आडनाव नव्हते. खरे आडनाव पगारपत्रकावर होते आणि ते कुणी वापरत नसे. फोन उचलून "थोटा बोलून राह्यलो" असे सांगण्याची सवय त्यांनी स्वतःच लावली होती. बाकीच्यांनी फक्त त्याला भाऊ जोडला.

शेडमध्ये जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनत. सरकीपासून सुटलेली रुई प्रेसच्या लोखंडी पेटीत भरायची, वरून दट्ट्या दाबायचा, दार उघडायचे, गाठीला पट्ट्या बांधायच्या आणि गाठ बाहेर ढकलायची. दट्ट्या कधी उतरेल आणि कधी थांबेल, हे पॅनेलमधला प्रोग्राम ठरवी. तो प्रोग्राम थोटेभाऊंचा होता, एका हाताने टाइप केलेला. पडद्यावर दिसणारे संदेश मराठीत लिहिण्यासाठी मला तिथे घेतले होते. वर्तमानपत्रात लागण्यापूर्वीची ती माझी नोकरी.

प्रत्येक कारखान्याची मागणी वेगळी असे. कुणाला रुईचा ओलावा मोजायचा असे, कुणाला गाठीचे वजन, कुणाला पडद्यावर हिंदी हवी असे. थोटेभाऊंनी प्रत्येक सोयीची वेगळी फाइल केली होती. गिऱ्हाइकागणिक अटींची एक छोटी यादी असे. त्या यादीत जे 'आहे' म्हटले, तेवढ्याच फाइली प्रोग्राम बांधताना आत घेतल्या जात. बाकीच्या संगणकात पडून राहत, पॅनेलला त्यांचा पत्ताही नसे. नव्या माणसाला ते हे असे शिकवत: "ज्याले आवतन, थो पंगतीत. बाकीचा गावात असून बी उपाशी." आणि लगेच पुढे, बोट रोखून: "पण दाराले आवतन लागत नाही. दार घरचं आहे."

दाराची फाइल म्हणजे प्रेसचे दार उघडे असताना दट्ट्या हलू न देणारी फाइल. दारावर एक सेन्सर असे आणि ती त्याच्याकडे पाहत असे. कारखान्याचा वायरमन सेन्सरला तार जोडून फसवू नये म्हणून त्यांनी तिच्यात आणखी एक पाचर मारली होती: प्रत्येक गाठीमागे दार एकदा उघडलेले दिसले नाही, तर प्रेस पुढची गाठ घेत नसे. संपूर्ण प्रोग्रामात अट नसलेली सोय ही एकच होती.

त्यांच्या टेबलाच्या कडेला जुन्या कपाटाचे एक दार बिजागऱ्यांनी ठोकलेले होते. कपाट नव्हते, चौकट आणि दार होते. त्यावर प्रेसवर असतो तसाच सेन्सर बसवलेला होता. नवीन माणूस ते पाहून हसे आणि मग त्याला गोष्ट ऐकावी लागे. पॅनेल शेडमध्ये तपासताना टेबलावर प्रेस नसते, म्हणून दारही नसते, आणि दाराची फाइल सारखी अडवत राहते. तेव्हा तपासणीपुरती ती फाइल वगळायची, असा पूर्वी सगळ्यांचाच रिवाज होता. थोटेभाऊंनीही एकदा वगळली. पॅनेल घाईने दारव्ह्याकडच्या एका जिनिंगला गेले, तेव्हा आत तोच टेबलावरचा प्रोग्राम राहिला होता. पॅनेल चालू करायला थोटेभाऊ स्वतः गेले. दार उघडे आहे म्हणजे प्रेस बंद आहे, या भरवशावर त्यांनी कोपऱ्यात अडकलेली रुई काढायला डावा हात आत घातला. दट्ट्या उतरला. तो वर घेईपर्यंत हात गाठीचा भाग झाला होता. तपासणीतही फाइल वगळावी लागू नये, म्हणून नंतर त्यांनी टेबलाला हे दार ठोकले.

"मालक पह्यले गाठीकडे पळाला, मंग माह्याकडे," ते सांगत. आणि उजवा हात वर करून: "यानं टाइप केलं, त्यानं भोगलं."

निखिल हा पुण्यात काही वर्षे काम करून परतलेला इंजिनिअर. हुशार आणि घाईतला. त्याने एका संध्याकाळी दाराच्या फाइलीभोवती अट घातली, फक्त तपासणीपुरती, कारण टेबलावरच्या दाराचा सेन्सर नीट चालत नव्हता. थोटेभाऊंच्या ते लक्षात आले. त्यांनी मनगट आपटले नाही, काही फेकले नाही. निखिलचे मनगट धरले, त्याची बोटे चौकटीवर ठेवली आणि थोटक्या हाताने दार लोटले. निखिल ओरडला.

"लागलं?"

"भाऊ, काय करून राह्यले तुम्ही!"

"हे लाकडाचं आहे लेका. अन् लोटणारा मी आहे. मले दया येते. त्या लोखंडाले नाही येत."

मग त्यांनी स्वतःच निखिलच्या बोटांना मलम लावले. ट्यूबचे झाकण दातांनी उघडत ते त्याला शिव्या देत होते. दुसऱ्या दिवशी डब्यातून त्याच्यासाठी वेगळे वांग्याचे भरीत आणले. त्याच दुपारी त्यांनी प्रोग्रामात एक ओळ वाढवली: दाराची फाइल आत आली नसेल, तर प्रोग्रामची बांधणी तिथेच थांबावी आणि पडद्यावर एक संदेश यावा. मी तो शुद्ध मराठीत करून द्यायला गेलो. त्यांनी कागद चुरगाळला. "बाकीचे मशीनवाल्यासाठी आहेत, थे तू सुधार. हा आपल्या माणसासाठी आहे. जसा आहे तसा राहू दे."

हंगाम भरात असताना केळापूरकडचा एक जिनिंगवाला दोन माणसे घेऊन शेडमध्ये आला. त्याच्या प्रेसच्या सेन्सरवर रुई बसत होती आणि प्रेस थांबत होती.

"बाह्येर कापसाच्या गाड्या लागल्या, अन् तुह्यी प्रेस बसून राह्यली."

"सेन्सर पुसाले माणूस ठेव," थोटेभाऊ म्हणाले.

"माणूस कायले? तू थे फाइल काढ ना."

"नाही निघत."

"बाकीच्या तं निघतात म्हणे."

"बाकीच्या पाव्हण्या आहेत."

मनगट टेबलावर आपटले गेले. जिनिंगवाला हसला. "एक तं हात उरला आहे, अन् एवढी मस्ती?" थोटेभाऊंनी हाताशी होता तो मल्टिमीटर त्याच्या तोंडावर मारला. नाक फुटले, रक्त पांढऱ्या शर्टावर उतरले. पहिला मार त्यांचाच होता, हे नोंदवले पाहिजे. मग त्या दोन माणसांनी त्यांना मागून धरले. एकाने त्यांचा उजवा हात ओढून टेबलाच्या कडेला आणला, बोटे चौकटीवर दाबून धरली. जिनिंगवाल्याने बाहीने नाक पुसले.

"दार पाह्यजे ना तुले? घे दार."

त्याने दार लोटले. ते लागेना, म्हणून खांदा लावला. बोटे मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शेडमधले कुणी जागचे उठले नाही. थोटेभाऊ ओरडले नाहीत, शिव्या देत राहिले. त्या शिव्यांमध्ये त्या माणसाच्या तीन पिढ्या आणि त्याचा दट्ट्या, सगळे आले. दार पुन्हा उघडले आणि पुन्हा लोटले गेले, तेव्हा शिव्या थांबल्या.

दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. शेडचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांना भांडण मिटवायचे होते. मिटवण्याची अट एकच होती: दाराची फाइल काढून द्यायची. साहेबांना प्रोग्राम कळत नसे. त्यांनी निखिलला बोलावून तसे सांगितले.

निखिलने अट घातली. बांधणी थांबली, संदेश आला. त्याने ती ओळही पुसली, प्रोग्राम बांधला, केळापूरला नेऊन पॅनेलमध्ये भरला. प्रेस न थांबता चालू लागली. यवतमाळला परतल्यावर तो सरळ दवाखान्यात गेला आणि थोटेभाऊंना त्याने हे सांगून टाकले. मी खाटेशेजारी होतो. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. ते चिडले नाहीत. त्यांनी विचारले, "पट्ट्या कोन बांधते तिथं?"

"किसन म्हणून आहे एक जण."

"हात कसे आहेत त्याचे?"

निखिलला प्रश्न कळला नाही.

"दोन आहेत काय?"

"आहेत, भाऊ."

"मंग जा तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाटेवर नव्हते. केळापूरला जायला पांढरकवड्याच्या एसटीत बसून गेले होते. तिकिटाचे पैसे कंडक्टरने त्यांच्या खिशातून काढून घेतले, हे नंतर कळले. कारखान्यात प्रेस चालू होती. त्यांनी कोपराने मुख्य स्विच पाडला, लाथेने पॅनेलचा पत्रा उघडला आणि प्लास्टरचा हात आतल्या सर्किटवर मारायला सुरुवात केली. पडदा फुटला. मग कार्डे फुटली. मग प्लास्टर फुटले, तरी ते मारत राहिले. नुकती बसवलेली हाडे पुन्हा सुटली.

त्यांच्यावर पहिला धावला तो किसन. प्रेस बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. त्याने त्यांना गळ्याला धरून खाली पाडले. मग बाकीचे आले. लाथा, बुक्क्या, पट्ट्या आवळायचा लोखंडी दांडा. बरगड्या मोडल्या, एका कानाचा पडदा फाटला. कुणीतरी ओरडले, "थोटा आहे बे, सोडा!" पण ते ऐकू जायला वेळ लागला.

पॅनेल नवीन बनवावे लागले. साहेबांनी निखिलला पुन्हा तेच सांगितले. निखिलने त्यांना स्वतःच्या संगणकासमोर बसवले. पुसलेली ओळ त्याने परत लिहून ठेवली होती. त्याने दाराच्या फाइलीभोवती अट घातली आणि बटण दाबले. बांधणी थांबली. पडद्यावर अक्षरे आली, आणि साहेबांनी ती मोठ्याने वाचली:

"दार नाही तं प्रेस नाही. हात तोडाचाच असन तं पह्यले आपला ठेव."

"हे काय आहे?"

"होतच नाही साहेब," निखिल म्हणाला. "दाराशिवाय होतच नाही."

साहेबांनी टेबलावरच्या दाराकडे पाहिले. चौकट अजून धुतलेली नव्हती. "मंग तसंच पाठव," ते म्हणाले. जिनिंगवाल्यासमोर गाड्यांची रांग होती आणि पोलिसात तक्रार होती. त्याने पॅनेल घेतले, सेन्सर पुसायला एक माणूस ठेवला.

थोटेभाऊ परत कामावर आले नाहीत. उजवी बोटे वळेनाशी झाली होती. ते बोरी अरबला बहिणीकडे राहिले. एकदा भेटायला गेलो, तेव्हा बहीण त्यांना घास भरवत होती आणि भाजीत मीठ कमी म्हणून ते तिच्यावर ओरडत होते. मला पाहून त्यांनी चांगल्या कानाची बाजू पुढे केली. "केळापूरले दार आहे?"

"आहे."

"मंग ठीक आहे. जेवून जा." आता फेकायला हात उरला नव्हता म्हणून असेल, त्यांचा आवाज बारीक झाला होता. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

नंतर एका बातमीसाठी मी केळापूरच्या त्या कारखान्यात गेलो. प्रेसवर किसन होता. दार उघडले, तो आत वाकला, गाठीला पट्टी घातली, आवळली, बाहेर आला. सेन्सरवर रुई बसली होती. दार लावले तरी दट्ट्या हलला नाही. त्याने कपाळाला हात लावला.

"हे दार लय तरास देते साहेब. एक थोटा होता, त्यानं लावून देल्लं. लय हट्टी."

थोटेभाऊ वारल्याचे मी त्याला सांगितले.

"मेला काय?" तो म्हणाला. "आम्ही लय मारलं होतं त्याले. इथंच."

कुठे आणि कसे, हे मी विचारले. मग किसनने हातातली पट्टी खाली ठेवली, त्यांचा गळा कसा धरला आणि मग बुक्क्या कशा घातल्या, ते दोन्ही हातांनी नीट करून दाखवले.