हवा भरायला गेलेली गाडी

गर्दीत शिरलो की माझा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशावर जातो. देवळात, बाजारात, लग्नात, सगळीकडे. नातेवाइकांच्या लग्नाच्या फोटोंत मी छातीवर हात ठेवूनच उभा असतो. नवख्या पाहुण्यांना वाटतं, काय नम्र गृहस्थ आहेत! बायको म्हणते, "खिशात असतं काय, तर एक कंगवा."

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पोरगी पाच वर्षांची. सासुरवाडीला, नामपूरला, मेहुणीचा साखरपुडा होता आणि सीबीएस बसस्टँडवर लग्नसराईची गर्दी असणार म्हणून मी सकाळपासून बेचैन. निघण्याआधी पोरीची उजळणी घेतली.

"अनोळखी माणसाशी?"

"बोलायचं नाही."

"नाव विचारलं तर?"

"सांगायचं नाही."

"खाऊ दिला तर?"

इथे ती जरा अडखळली. मग म्हणाली, "खायचा नाही."

बायको वाटेसाठी पोळ्या बांधत होती. "पोरीला साखरपुड्याला नेताय की लढाईवर?" एवढंच बोलली.

नामपूरची गाडी लागली. मागच्या थांब्यावरचे काही लोक आधीच आत बसून आले होते. बाकीच्यांचे रुमाल, टोप्या, पिशव्या जागा धरायला खिडक्यांतून आत पडू लागल्या. आमच्याकडे रुमालापेक्षा भक्कम वस्तू होती. मी पोरीला उचललं.

"इथून नको, पुढच्या खिडकीतून द्या," बायको म्हणाली.

दोन्ही खिडक्यांत मला काडीचा फरक दिसेना, पण वाद घालायला वेळ नव्हता. पोरगी आत गेली आणि सीटवर आडवी पसरली. जागा धरली!

दारात रेटारेटी चालू होती. माझं लक्ष मात्र मागे उभ्या असलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टवाल्यावर. हातात पिशवी नाही, नजर सारखी खिडक्यांवर. पिशवी नाही म्हणजे प्रवासी नाही. प्रवासी नाही म्हणजे खिसेकापूच. मी खिसा दाबून सरळ त्याच्याकडे तोंड करून उभा राहिलो. मला कळलंय, हे त्याला कळावं म्हणून.

"ओ भाऊ, गाडी!" तो म्हणाला.

लक्ष उडवायची जुनी युक्ती. मी ढिम्म.

"अहो भाऊ, तुमची पोर आहे ना आत? गाडी निघाली!"

वळून बघतो तर दारातली माणसं बाजूला झालेली आणि गाडी मागे येऊन फाटकाकडे वळत होती. मी धावलो. पट्ट्यांचा शर्ट माझ्या पुढे धावत पत्र्यावर थापा मारत होता. गाडी थांबली नाही.

"हवा भरायला डेपोत नेलीय," बायको मागून म्हणाली. "कंडक्टर केव्हाचा ओरडत होता. तुम्ही होतात कुठं?"

"डेपोत तीच गाडी ओळखायची कशी?"

"नंबर बघून ठेवलाय मी."

आवाज शांत होता. पण मी पळत होतो, ती चालत होती, आणि तरी ती माझ्या पुढे होती. तिचा हात धरला तर गार पडलेला.

डेपोत गाडी हवा गेलेल्या चाकाकडे कलून उभी होती. आम्ही तिघंही आत चढलो. शर्टवाला मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याजवळ गेला. बापाला बसवून द्यायला आला होता तो. पिशवी बापाच्या मांडीवर होती. आणि त्या पुढच्या खिडकीशी, मांडीवर तान्हं बाळ घेतलेल्या एका बाईला चिकटून आमची पोरगी बसली होती. त्या बाईला बघूनच बायकोने ती खिडकी निवडली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"तुमनी पोर शे का?" बाईने विचारलं. "काहीच बोलस नई. मुकी शे का?"

बायकोने पोरीला कुशीत ओढलं. "घाबरलीस का गं?"

"नाही. तू म्हणाली होतीस ना, एकटी पडलीस तर बाळवाल्या काकूंजवळ बसायचं. म्हणून बसले. आणि बाबा म्हणाले होते बोलायचं नाही. म्हणून नाही बोलले."

तिची एक मूठ घट्ट आवळलेली होती. उघडली तर आत घामाने भिजून लगदा झालेलं बिस्कीट.

"काकूंनी दिलं. पण खाल्लं नाही, बाबा."

माझा हात अजून खिशावरच होता. तो काढून मी तिच्या डोक्यावर ठेवला. "खा," म्हणालो.

तिने आधी आईकडे बघितलं.