मॅडम आणि सुटलेल्या पेशी

मॅडमच्या भाचीचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी मेणात बसवलेल्या एका गाठीचे काप काढत होते. पडेगावच्या घरी, चहा पिऊन पेपर वाचता वाचता मॅडम गेल्या, असं तिनं सांगितलं. त्रास काहीच झाला नाही. फोन ठेवला आणि हातातली मेणाची वडी पूर्ण कापूनच मी उठले. काम अर्धवट टाकून आलेलं त्यांना चाललं नसतं. आता दीड महिना झालाय, म्हणून लिहायला बसले आहे.

मॅडम, म्हणजे डॉ. मालती, निवृत्त होईपर्यंत आमच्या पॅथॉलॉजी विभागात होत्या आणि मी त्यांची तंत्रज्ञ. बावीस वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली. शरीरातल्या पेशी एकमेकींना कशा धरून राहतात आणि कॅन्सरमध्ये त्यांची पकड का सुटते, हा त्यांचा अभ्यास. मी रुजू झाले त्याच आठवड्यात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. खास रंग दिला की निरोगी पेशीभोवती तपकिरी रेघ उमटते; ते पेशींना जोडणारं प्रथिन. "ही रेघ पुसली, की पेशी निघाली परगावी," त्या म्हणाल्या... बारावीच्या पुस्तकातून जे कळलं नव्हतं, ते त्या दुपारी कळलं.

त्यांची एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी रुक्मिणबाईंची सांगेन. अभ्यासासाठी स्तनाच्या गाठींचे जुने नमुने काढून आम्ही पुन्हा रंगवत होतो. रुक्मिणबाईंच्या नमुन्याच्या काचेपाशी मॅडम बराच वेळ थांबल्या, मग मला बघायला सांगितलं. चरबीतून काही पेशी एका रांगेत चालल्या होत्या आणि एकीभोवतीही तपकिरी रेघ नव्हती. अहवाल आठ महिन्यांपूर्वीचा, 'कॅन्सर आढळला नाही' असा, आणि खाली सही मॅडमचीच. साध्या रंगात त्या पेशी सुजेच्या पेशींसारख्या वाटल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला... आणि विभागप्रमुखांकडे जाऊन स्वतःच सगळं सांगून आल्या.

बाईंचा नोंदवलेला फोन बंद होता. पत्ता चितेगावचा, पण तिथं फक्त म्हातारे सासरे. सून मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला गेली, एवढंच त्यांना ठाऊक. मॅडम म्हणाल्या, पत्र पाठवून भागायचं नाही. एसटीनं आम्ही पैठणला उतरलो आणि विचारत विचारत धरणाकडेच्या माळावर पोचलो. रुक्मिणबाई आणि त्यांचा भाऊ कळपापाशी बसले होते. मॅडम त्यांच्यासमोर घोंगडीवर बसल्या. "बाई, तुमचा रिपोर्ट मी चुकीचा दिला. चूक माझी आहे. तुम्हाला कॅन्सर आहे. आज माझ्यासोबत चला."

भाऊ भडकला, तोंडाला येईल ते बोलला. रुक्मिणबाईंनी विचारलं, तुम्हाला दिसलं कसं नाही? मॅडमनी सांगितलं, त्या पेशी एकमेकींना धरून नव्हत्या. सुट्या होऊन एकामागं एक निघाल्या होत्या, म्हणून मला ओळखू आल्या नाहीत. बाईंनी कळपाकडं पाहिलं.

"व्हय, गुपचूप निघालेलं मेंढरू ध्यानात येत नाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी हुडकत आलात नव्हं? चला मग."

ऑपरेशन झालं, औषधं झाली. उपचाराच्या प्रत्येक फेरीला मॅडम वॉर्डात त्यांच्याजवळ जाऊन बसत. पुढं शोधनिबंध लिहिला, त्यात ही चूकही लिहिली. कशाला उगाच, असं सहकारी म्हणाले, तरी त्यांनी ती काढली नाही. रुक्मिणबाई आज ठणठणीत आहेत. तेराव्याला त्या पडेगावला आल्या, भाऊही आला. माळावर इतकं बोललेला तो माणूस त्या दिवशी कुणी न सांगता पंगतीला वाढत होता.

पैठणच्या त्या फेरीनंतर मॅडमनी विभागात एक ट्रे ठेवला. स्तनाच्या गाठीचा 'कॅन्सर नाही' असा अहवाल त्याच दिवशी जायचा नाही. काच ट्रेमध्ये राहायची आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या डॉक्टरनं ती बघायची. मागच्या आठवड्यात नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टर मुलीनं अशीच एक काच पाहिली. गाठ साधीच होती, मलाही दिसत होतं. बाहेर त्या पेशंट बाईचा नवरा अहवालासाठी ताटकळत उभा. मी काही बोलणार, तेवढ्यात ती उठली, त्याला उद्या यायला सांगितलं आणि काच ट्रेमध्ये ठेवली. तिनं मॅडमना कधीच पाहिलेलं नाही.